पुतळ्याचं तोंड

समितीपुढे आता एकच प्रश्न उरलाय:
तोंड उघडं ठेवायचं की मिटलेलं.

शिल्पकार दर गुरुवारी डरहमहून येतो,
ओल्या मातीचं डोकं फडक्यात गुंडाळून आणतो,
या सभागृहातल्या लांब टेबलावर ठेवतो.
किल्ल्या माझ्याकडे. दिवे मी लावतो, कॉफीही मीच.
म्हणून कधीमधी मलाही विचारतात,
तुझं काय मत, हाइरम?

बँकेच्या बाई म्हणतात, उघडं. गाणारी होती ना ती!
पाद्री म्हणतात, उघड्या तोंडात चिमण्या घरटं करतील.
सगळे हसतात. मीही हसतो.
याच बँकेनं तिला घरासाठी कर्ज नाकारलं होतं.
आता ऑर्थिया स्पेलर म्हणजे बँकेच्या गळ्यातला ताईत,
कॅलेंडरवर बारा महिने तिचेच ओठ.

दोरीची गोष्ट इथं शाळेतली पोरंही सांगतात.
याच सभागृहात मधोमध दोरी:
डावीकडे गोरे, गाद्यांच्या खुर्च्यांवर,
उजवीकडे बाकांवर तंबाखूची देठं काढणाऱ्या बाया,
नखांपर्यंत पिवळ्या.
ऑर्थिया रंगमंचावर आली आणि गायलीच नाही.
उंच टाचांनी पायऱ्या उतरली, गाठ सोडली,
कपडे काढून झाल्यावर वळणी गुंडाळावी
तशी कोपर नि पंजाभोवती दोरी गुंडाळली,
पियानोवर ठेवली,
मग गायली.

माझी आई सहाव्या बाकावर होती. मी तिच्या पोटात.
आई दोरीबद्दल फारसं बोलायची नाही.
म्हणायची, त्याआधी ती नुसती उभी राहिली रे,
आणि तिनं दम घेतला.
एवढा मोठा, की शेरीफची खुर्ची करकरली.
आम्ही सगळ्याजणींनी, काही न ठरवता,
तेवढाच दम घेतला
आणि तो धरून ठेवला.
सोडला सात महिन्यांनी, कारखान्याच्या फाटकावर,
पगार वाढल्याशिवाय एक पान सोलणार नाही म्हणताना.

पुढची गोष्ट पोरं सांगत नाहीत.
अकरा वर्षं एक रंगमंच नाही, एक रेडिओ नाही.
नदीपलीकडच्या हॉटेलात चादरी धुतल्या तिनं.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार,
आणि मारणाऱ्यांची नावं आज रस्त्यांना.

मी नऊ वर्षांचा असताना ती आम्हाला शिकवायची,
चर्चच्या तळघरात, बॉयलरच्या बाजूला.
गाणं नाही. गाणं नंतर, म्हणायची.
आधी उभा राहा.
साबणानं सोललेली बोटं बरगडीखाली रुतवायची:
इथून. घशातून काय, कुत्रंही भुंकतं.

गेल्या शरदात परिचारिकांची सुनावणी इथंच झाली.
अध्यक्षांनी माइक बंद करायला लावला. मीच केला,
खोटं कशाला बोलू.
एकोणीस वर्षांची एक मुलगी उभी होती, टमेका,
हातातला कागद तिनं खाली ठेवला.
बोलली नाही. खांदे खाली, बरगड्या रुंद,
दम घेतला.
मागच्या रांगा उठल्या. खुर्च्या करकरल्या.
मी भिंतीला हात लावून उभा राहिलो.

नंतर विचारलं तिला, ऑर्थियाबाईंचं ऐकलंयस?
कोण? म्हणाली.
मग हे कुठून?
आत्या असंच करते, घरमालकाशी बोलण्याआधी.

म्हणून या गुरुवारी मी बोललो.
मिटलेलं ठेवा, म्हटलं. पण भरलेलं.
शिल्पकार बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला,
म्हणाला, आजोबा, ब्राँझमध्ये दम कसा ओततात?
मला काय माहीत.
बँकेच्या बाईंनी घड्याळ पाहिलं.

संग्रहालयात काचेमागं आहे ती दोरी नवी आहे.
खरी आईनं मागून घेतली होती.
तीस वर्षं आमच्या परसात तिच्यावर कपडे वाळले,
एका हिवाळ्यात ती तुटली, आम्ही दुसरी बांधली.

सगळे गेल्यावर दिवे मालवण्याआधी
मी फडक्यावर पाणी शिंपडतो.
माती सुकली की भेग पडते,
आणि पडते ती नेमकी गळ्यापाशी.